नऊ इंचांची बैठक

माझ्या हॉलमधली बैठक जमिनीपासून नऊ इंचांवर आहे. यात सुताराची चूक नाही. माप मी दिलं होतं, आणि माझं माप चुकत नाही हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. शाळा चौथीपर्यंतच, तीही पुरती नाही. पण इंच आणि पाव इंच मला कुणी शिकवायला नको.

एकोणीसशे पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट. राजाजीनगरात माझं शिवणाचं दुकान आणि मागच्या गल्लीत घर. सर्जापूर रोडला तेव्हा नुसती शेतं. त्या शेतांत एका बाईंनी नवं घर बांधलं होतं, त्यांनी पडद्यांच्या मापांसाठी बोलावलं. दोन बस बदलून गेलो. आत पाय टाकला आणि उभाच राहिलो. भिंती पांढऱ्या. त्यांवर चित्र नाही, कॅलेंडर नाही, साधा खिळा नाही. कोपऱ्यात मातीचा एक रांजण, त्यात पाणीही नाही. खिडकीखाली लांब, बुटकी लाकडी बैठक. बस, संपलं. माझी मापं घेऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "पडदे नकोच. उजेड अडतो."

काम गेलं, तरी मला राग आला नाही. उलट पटलं. चांगल्या शर्टाला काय लागतं? कापड चांगलं आणि कट सरळ. झालर लावावी लागते ती कट बिघडला म्हणजे. बैठकीच्या गाद्यांना खोळी शिवायचं काम तेवढं उरलं. त्या गाद्या त्यांच्या ड्रायव्हरनं आदल्या दिवशीच माझ्या दुकानात आणून टाकल्या होत्या. बाई आत गेल्या तेव्हा मी हळूच बैठकीला टेप लावला. नऊ इंच. डोक्यात लिहून घेतलं.

आमच्या हॉलमध्ये तेव्हा भिंतीवर सात घड्याळं होती. सातही लग्नामुंजीत आलेली, सातांच्या सात वेळा. घरी येऊन मी खुर्चीवर चढलो आणि पहिलं घड्याळ काढलं.

बायको धावत आली. "अहो, ते माझ्या मावशीनं दिलंय! ती आली आणि विचारलं तर?"

"मावशी जाऊन नऊ वर्षं झाली."

"तिची सून येते की."

आठ दिवसांत सगळं माळ्यावर गेलं. घड्याळं, काचेचं शोकेस, चन्नपट्टणच्या लाकडी बाहुल्या, टीव्हीचा झालरवाला झगा. झगा मीच शिवलेला होता, तरी काढला. आधी स्वतःच्या घरावर कात्री चालवावी लागते. रंगारी आला. त्यानं रंगाचं पुस्तक उघडलं.

"पांढरा," मी म्हणालो.

"सरी, ठीक. आणि खालचा पट्टा?"

"पांढरा."

"छत?"

"तेही पांढरं."

त्यानं पुस्तक मिटलं. "अण्णा, स्वल्प विचार करा. घर आहे का दवाखाना?"

मी विचार केला नाही. समोरच्या घरातल्या अक्का दारातून डोकावून बायकोला हळूच विचारून गेल्या, "घर खाली करताय का हो?"

मग बैठक आली. बायकोनं लांबूनच पाहिली. "ही बुटकी झाली."

"हीच फॅशन आहे. तुला काय कळतं?"

ती बसली. उठताना खिडकीचा गज धरला, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून घेऊन बसायला लागली. मी मात्र बैठकीवरच बसायचो. उठण्याची एक युक्ती मी काढली होती. डावीकडे कलंडायचं, हात जमिनीला, मग गुडघा, मग गज. हॉलमध्ये कुणी नाही बघून करायची.

तिसऱ्या आठवड्यात मी खोळी चढवलेल्या गाद्या घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या माणसानं त्या बैठकीवर मांडल्या. प्रत्येक गादी आठ इंच जाड. नऊ आणि आठ सतरा. बाई त्यावर बसल्या, खुर्चीत बसतात तशा, आणि उठल्या, खुर्चीतून उठतात तशा. ज्या गाद्या तीन आठवडे माझ्याच मशीनमागे पडून होत्या त्यांची जाडी मी मापात धरलीच नव्हती. बसूनही पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या घरी शिंपी उभाच असतो.

फोमची जाड गादी आणून टाकली असती तर दोन तासांचं काम होतं. पण "हीच फॅशन आहे" असं मी रोज म्हणत होतो. मी माझी दोन बोटं जाडीची गादीच ठेवली. ही गोष्ट आजवर घरात सांगितलेली नाही. इथं लिहितो, कारण मी लिहिलेलं घरात कुणी वाचत नाही.

आणि अशा वेळी आमच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा पुण्याचा, इथं कंप्युटरच्या कंपनीत. तिनं आधी चार मुलांना नको म्हटलं होतं. या मुलाला एकदा भेटून आली आणि आईला म्हणाली, "बरा आहे." आमच्या मुलीच्या तोंडी एवढं म्हणजे फार झालं. आता मुलाचे आईवडील पुण्याहून यायचे होते, घर बघायला आणि होकार द्यायला. सकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, आजच्या दिवस कुणाशी भांडू नका."

"मी कुठं भांडतो?"

"तेच. मी न भांडता म्हणतेय ते न भांडता करा."

पाहुणे तीन वाजता आले, मुलगाही बरोबर. संध्याकाळच्या बसनं त्यांना परत जायचं होतं. मुलाची आई आत बायकांत गेली, खुर्चीवर. मुलाचे वडील ताठ, इस्त्रीचे कपडे, मिशी कातरलेली. हॉलमध्ये चहूकडे बघून म्हणाले, "सामान यायचंय वाटतं अजून?"

"नाही, गेलं," मी म्हणालो आणि बैठकीकडे हात केला.

ते बसायला गेले आणि अंदाजापेक्षा बरंच खाली पोचले. गुडघे छातीशी आले. मी शेजारी बसलो. माझेही आले. दोघंही मान सरळ ठेवून बोलू लागलो.

"तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलेच."

"तसं नव्हे. मूळचे?"

"सरी, राजाजीनगर. त्याआधी पेठेत. त्याआधीचे तीनशे वर्षांचे सगळे इथंच गेले."

"हो का? म्हणूनच. तुमचं मराठी जरा बिघडलंय. येता-जाता कानडी 'सरी', 'स्वल्प'..."

माझं डोकं तापलं. "आणि तुमचे चिरंजीव आल्यापासून सारखे 'ॲक्च्युअली' म्हणतात ते कुठल्या पेठेतलं?"

त्यांचा चेहरा लाल झाला. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती. तिनं डोळे मिटले.

"चला! निघू आपण," मुलाचे वडील मोठ्यानं म्हणाले.

"खुशाल. दारापर्यंत सोडतो," मीही मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी मांड्यांवर हात ठेवले, पुढं झुकले आणि मागं आले. पुन्हा झुकले, पुन्हा मागं आले. मला दारापर्यंत सोडायला उठायचं होतं. मी झुकलो, मागं आलो. माझी कलंडायची युक्ती परक्यासमोर करण्याजोगी नव्हती, आणि गज त्यांच्या पाठीमागं होता.

मुलगा पुढं आला. "बाबा, हात देऊ?"

"मला काय धाड भरलीय? जा तू."

तो गेला. आम्ही दोघं समोरच्या पांढऱ्या भिंतीकडं बघत राहिलो. तिच्यावर बघण्यासारखं काही मी ठेवलंच नव्हतं. एखादं घड्याळ असतं तर निदान किती वेळ गेला ते कळलं असतं.

बऱ्याच वेळानं ते भिंतीकडं बघतच पुटपुटले, "डावा की उजवा?"

"उजवा गुडघा. मशीनचं पायडल, चाळीस वर्षं."

"माझे दोन्ही. सायकल. तीस वर्षं कचेरीत सायकलनं गेलो."

"तेल लावता?"

"तिळाचं. उपयोग शून्य."

"एरंडेलाचं बघा. स्वल्प गरम करून."

"स्वल्प," ते म्हणाले, आणि मिशीखाली हसले.

मग कॉफी आली, ती झाली, दुसरी आली. त्यांच्या मुलाला भात जास्त शिजलेला चालत नाही, आमच्या मुलीला सकाळी कुणी बोललेलं चालत नाही, असं एकेक निघत गेलं. आतून त्यांची बायको म्हणाली, "अहो, बस जाईल. निघायचं ना?"

"बसू की जरा! एवढी काय घाई?"

मी पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारात मुलगा आणि मुलगी शेजारी उभी होती. तो तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला आणि ती तोंडावर ओढणी धरून हसली. आमच्याकडं बघूनच हसत होती. चार वेळा पाहुणे येऊन गेले, पण मी तिला कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. मुलाच्या वडिलांनीही पाहिलं.

ते हळूच म्हणाले, "ठरलं असं म्हटलं तर व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारायची रीत आहे. तुमच्यात?"

"आमच्यातही. उचलतातसुद्धा एकमेकांना."

"ती भेट बसून होत नाही."

"नाही होत."

"मुलगी आम्हाला पसंत आहे."

"माझी ना नाही."

आम्ही बसल्या जागी एकमेकांकडे वळलो. त्यांनी माझ्या काखेत हात घातले, मी त्यांच्या. "एक, दोन..." तीनला दोघंही वर आलो, जरा हेलकावलो, पण उभे राहिलो. आतून बायका साखर घेऊन धावत आल्या. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला कुणाला इतकी घट्ट मिठी मारताना तिनं पाहिलं नव्हतं म्हणे. त्यांची बस चुकली ती चुकलीच. त्या दिवशी ते आमच्याकडेच जेवले, स्वयंपाकघरात, खुर्चीवर.

पाहुणे निजल्यावर बायको म्हणाली, "आता तरी गादी जाड करा."

"आता? आता तर मुळीच नाही. सतरा इंच असती तर पाहुणे साडेतीनलाच उठून गेले असते."

बैठक अजून नऊ इंचांवरच आहे. व्याही पुण्याहून येतात तेव्हा खुर्चीकडं बघतसुद्धा नाहीत, सरळ माझ्या शेजारी येऊन बसतात. निघायच्या वेळी मुलगी येते, पदर खोचते आणि आम्हाला उठवते. आधी सासऱ्यांना, मग मला. मी काही बोलत नाही. भांडायचं नाही असं तिनं सांगून ठेवलंय.