छातीवरचा बिब्बा

सरकारी विमान चालवायच्या नोकरीसाठी माझी निवड झाली, तेव्हा आमच्या रिठदमध्ये विमान जवळून पाहिलेला एकही माणूस नव्हता. मीही पाहिलं नव्हतं. लढाईचे दिवस होते, इंग्रज सरकारला पोरं हवी होती आणि मला नांगरामागे जायचं नव्हतं. मुलाखत पार पडली होती. रुजू होण्याआधी पोलिसांची चौकशी आणि नागपूरला शरीराची तपासणी, एवढंच उरलं होतं.

चौकशीला आलेला शिपाई चावडीवर बसला आणि मी कुठल्या मिरवणुकीत घोषणा दिल्या का, हे विचारू लागला. "सिधा पोरगा हाय," पाटलांनी सांगितलं. सिधा मी कधीच नव्हतो आणि अकोल्याला शिकताना मिरवणुकीतही गेलो होतो. पाटलांना ते ठाऊक होतं.

नागपूरला निघायच्या आदल्या सायंकाळी आईनं बिब्बा काढला. लांब जाणाऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे बिब्ब्याचा ठिपका देतात. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि काळं तेल सुटलं की अंगाला टेकवायचं. ठिपका एरवी तळपायाला देतात, कारण तिथली कातडी जाड. आईनं माझा सदरा वर केला आणि नेमका काळजावर दिला.

"तिथं काहून?"

"वरते आभाळात तुले कोण पाहीन, मले काय ठाव? काळीज तरी झाकून राहू दे."

मी हसलो. वडील अजून शेतातून यायचे होते.

दुसऱ्या दिवशी वाशीम स्टेशन येईपर्यंत छाती खाजू लागली. अकोल्याला गाडी बदलताना ती लालबुंद झाली होती. नागपूरच्या धर्मशाळेत सदरा काढला तर तळहाताएवढ्या जागेत फोड उठले होते आणि त्यांतून पाणी झिरपत होतं. खाजवलेला हात कधी डोळ्याला लागला कोण जाणे, पापणीही सुजून डोळा अर्धा मिटला होता. बिब्बा उतला होता. काहींच्या अंगाला तो काही करत नाही, पण ज्याला उततो त्याला सोलून काढतो. धर्मशाळेतल्या आरशासमोर मी ढसाढसा रडलो. अर्ध्या डोळ्याच्या माणसाला सरकार विमान कशाला देईल?

तपासणीच्या रांगेत सगळ्यांना सदरे काढायला लावले. माझ्या मागचा उमेदवार झटकन दूर सरला. "देवी, देवी" अशी कुजबुज रांगभर पसरली. पळून जावं की काहीतरी थाप मारावी, एवढंच डोक्यात चाललं होतं. तोवर माझी पाळी आली. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि चक्क आमच्या बोलीत विचारलं.

"बिब्बा उतला काय?"

"हो साहेब."

"मायनं लावला?"

मी मान हलवली. ते हसले नाहीत. फोडांच्या कडेकडेनं नळी टेकवून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"काळीज चांगलं हाय. पण इतकं धावून कायले राह्यलं?"

"भेव वाटते साहेब."

"कातडी कोरडी झाली की परत ये. तोवर तुझी जागा ठेवायले सांगतो. पण पुन्हा असा आला त नाव कापा लागन."

घरी पोचलो तेव्हा आई अंगण झाडत होती. माझी सुजलेली पापणी पाहून तिच्या हातातला खराटा थांबला.

"नाई घेतलं?" तिनं विचारलं. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही आणि माझं डोकंच फिरलं. मी सदरा वर केला.

"घेतीन ते! हे सुकलं की घेतीन! तुह्या बिब्ब्यानं माही नोकरी जात होती!"

वडील ओट्यावर बसले होते. माझी छाती पाहून ते चमकले.

"बिब्बा लावला? अवं, याले त लहानपणीबी उतला होता. केळीच्या पानावर निजवलं होतं आपण पोराले. इसरली काय?"

आई खाली पाहत म्हणाली, "नाई इसरली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तोवर मी फक्त नापास होण्याला भ्यालो होतो. विमानातून माणूस खालीही पडतो, हे मला त्या अंगणात कळलं. तिला ते निवडीची बातमी आली तेव्हापासूनच कळलं होतं.

दुसऱ्या सकाळी ती वाटीत खोबरेल तेल घेऊन आली. मी वाटी आधी नाकाशी धरून पाहिली. रोज तीच तेल लावायची. खपल्या धरल्या, गळाल्या, खालून गुलाबी कातडी आली, डोळाही पुरता उघडला. मी बरा होत गेलो तसा तिचा हात हळू होत गेला. मीही तिला घाई करत नव्हतो. पास होण्याची मला आता नापास होण्याहून जास्त भीती वाटत होती आणि हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

निघायच्या सकाळी छातीवर तेल लावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी तिनं वाटी आणली. बाहेर दमणीला बैल जुंपले होते.

"दुखते काय?"

"नाई."

"जरासंबी?"

हो म्हणावं, असं फार वाटलं. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

"नाई," मी म्हणालो.

तिनं तळहात काळजावर तसाच ठेवला. ते किती धावत होतं, हे तिला कळलंच असणार. मग तिनं वाटी खाली ठेवली आणि माझ्या सदऱ्याच्या गुंड्या लावून दिल्या.