सुमनच्या तीन गोळ्या

देवदेवस्की, उतारे, अंगारे यांतलं काहीच मी आयुष्यात केलेलं नाही. कचेरीत एकवीस वर्षं आवक-जावक सांभाळणारी मी बाई. ज्याची नोंद आहे ते खरं, एवढंच मानत आले. तरी हे लिहिते आहे... कारण माझीच एक नोंद मला उलगडत नाही.

८४ सालचे गणपती. रत्नागिरीत मांडवीला आमचं घर, राहणाऱ्या दोघीच — मी आणि माझी धाकटी भावजय सुमन. माझा भाऊ वसंता मासेमारीच्या होडीवर होता. आदल्या वर्षी होडी परत आली, तो आला नाही. सुमनचं जेवण तुटलं, झोप गेली, बोलणंही बंद झालं. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अमिट्रिप्टिलिन, म्हणजे उदासीवरचं औषध, दिलं — संध्याकाळच्या जेवणानंतर तीन गोळ्या. म्हणाले, "गुण यायला तीनेक आठवडे लागतील. आणि मला विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही."

त्या औषधाने तिच्या तोंडाला सारखी कोरड, गोळी घशात चिकटायची. म्हणून मी गोळ्या कुटून मधात कालवून द्यायचे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिने आपणहून वेणी घातली आणि विचारलं, "वन्सं, बाजारात सौंदाळे आलेत का हो?"

कित्येक महिन्यांनी ती मासळीचं विचारत होती. मी मागच्या पडवीत जाऊन रडून घेतलं.

राहिली होती ती फक्त गोळ्यांची सुस्ती. भरदुपारी बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. गणपतीला मुंबईहून पंधरा माणसं येणार. तिला अशी पाहिली की 'वसंताच्या बायकोचं डोकं फिरलंय' हे सगळ्या भावकीत पसरणार. शिवाय मोदकांना हात हवेत. मी परस्पर निर्णय घेतला. चतुर्थीच्या दहा दिवस आधी कचेरीतल्या वहीत लिहिलं — 'गौरीविसर्जनापर्यंत रोज एक. नंतर पुन्हा तीन.' ती वही माझ्या खणात कुलपात असायची. सुमनला मी काही बोलले नाही. तिला वाचता येत नव्हतं.

चतुर्थीला सुमन खरंच जागी होती. मोदकांच्या पाऱ्या करत होती, भराभर. ओटीवरून मुंबईचे काका मला ओरडले, "काय गो हेडक्लार्कबाई, आमचा चहा मंजूर झाला की फाईल अजून फिरतेय?" सगळे हसले. सुमन हसली नाही. खालच्या मानेने म्हणाली, "वन्सं, आज तिन्ही द्या ना."

"कसल्या तिन्ही?"

"गोळ्या. हे म्हणतात, विसर्जनापर्यंत थांबू नका."

'हे' म्हणजे वसंता. माझे हात थांबले.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"यांनीच. तुम्ही आधी 'दोन' लिहिलंत, मग खोडून 'एक' केलंत... वन्सं, मला आतून फार जड झालंय हो."

मी 'दोन' खोडलं होतं. हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात आतून कुणीतरी नैवेद्याचं विचारलं. मी म्हटलं, "सुमन, घर भरलंय. चार दिवस कळ काढ."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची पारी हातात घेतली.

गौरी-गणपती पोचवून आम्ही समुद्रावरून परतलो, तेव्हा सुमन गेली होती. कशी, ते मी लिहिणार नाही.

तिचे दिवस झाल्यावर कचेरीत गेले. खणाला कुलूप, किल्ली माझ्याच पर्समध्ये. वहीत खोडलेलं 'दोन' तसंच. गोळी कमी झाल्याचं चवीवरून कळलं असेल, हे मी मान्य करते. झोपेत बडबडले असेन, हेही धरून चालते. पण खाडाखोड? ती कुणी झोपेत बोलून दाखवतं का?

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मला विचारायला यायचं होतं, बाई."

मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या कुणालाही याचा उलगडा करता आलेला नाही. मलाही नाही. तो निरोप वसंताचा होता की सुमनचाच, हे मला माहीत नाही. तो माझ्यासाठी होता आणि मला वेळेत मिळाला होता... तेवढं माहीत आहे.