कोठीतल्या पिठावरचा उजवा पाय

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमचं घर कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचं, बौद्ध. वडील, म्हणजे आमचे आप्पा, एमआयडीसीत हेल्पर होते. पण घरात कुणी करणी, अंगात येणं असलं काही काढलं की त्यांचं ठरलेलं - "प्रूफ दाखव. न्हाय तर गप बस." त्यात मी स्टाफ नर्स. इतक्या वर्षांत कितीतरी माणसं माझ्यासमोर गेली, एकही परत आलेलं बघितलं नाही. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या... मग वाचा.

पाचवी ते दहावी मी कोल्हापुरात, बावड्याच्या बाजूला, सिस्टरांच्या होस्टेलमध्ये राहिले. नाव सांगणार नाही. तळमजल्यावर स्वयंपाकघर, त्याला लागून धान्याची कोठी. कोठीला खिडकी नाही, दार एकच. आमच्या वेळी त्याला नुसती कडी होती, कुलूप नंतर आलं.

बाहेरच्यांना सिस्टर म्हणजे देवमाणसं वाटतात. आम्हाला एकेकीचे गुण पाठ होते! दर शुक्रवारी जेवणाआधी त्या एकमेकींसमोर आठवड्याच्या चुका मोठ्यानं कबूल करायच्या, तशी त्यांच्यात पद्धतच होती. आणि मी नि माझी मैत्रीण उज्ज्वला खिडकीखाली बसून सगळं ऐकायचो. सुपिरिअर, म्हणजे सगळ्यांच्या वरच्या सिस्टर, जपमाळ म्हणता म्हणता भडंग खायच्या. एक सिस्टर कॅरमच्या सोंगट्या कोपरानं ढकलायच्या. आणि स्वयंपाकघर बघणाऱ्या सिस्टर फिलो... त्यांची यादी संपायचीच नाही. मूळच्या केरळच्या, पण मराठी शिकल्या मंडईत, भाजीवाल्या बायकांकडून. "ए बाये, गप की गं! डोस्कं नको खाऊ!" असं ओरडत जेवण वाढायच्या. पण ओरडता ओरडता ताटात एक भाकरी जास्तच पडायची.

आम्ही सातवीत असताना कोठीतला गूळ कमी व्हायला लागला. ढेप उज्ज्वलाच्या घरून, राधानगरीहून यायची, त्यामुळे तिचा जीव जास्त जळला. झालो आम्ही डिटेक्टिव्ह! दुपारी सगळे झोपल्यावर कोठीच्या जमिनीवर ज्वारीचं पीठ भुरभुरून ठेवलं. तासाभरात केस सुटली. पिठात अनवाणी पावलं, आणि उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. असला पाय अख्ख्या होस्टेलात एकच होता. सिस्टर फिलोंना शुगर होती, डॉक्टरांनी गोड पार बंद केलेलं. आम्ही जेवताना सगळ्यांदेखत भांडं फोडलं. पोरी हसून हसून लोळल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं हसल्या सिस्टर फिलो. "गावली की मी!" म्हणाल्या. शुक्रवारी त्यांनी चूक कबूल केली आणि पुन्हा गुळाला हात लावणार नाही म्हणून शब्द दिला.

पंधरा दिवसांत गूळ पुन्हा कमी व्हायला लागला.

तो मी खात होते. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पोटात भूक होती असंही नाही, नुसती हाव. आणि चोर आधीच सापडलेला होता ना, मग मला कोण विचारतंय!

एका दुपारी मी कोठीत पोत्यांमागं बसून खात होते आणि दार उघडलं. पोत्यांच्या फटीतून मला फक्त पाय दिसले. उजव्याचं बोट चढलेलं. ते पाय तिथं थोडा वेळ उभे राहिले. मग दार हळूच लागलं.

चोरी सापडली की पोरीला घरी पाठवायचं, हा होस्टेलचा नियम. घरी गेले असते तर माझी शाळा तिथंच संपली असती, थोरल्या बहिणीची संपली होती तशी. त्या शुक्रवारी मी खिडकीखाली कान लावून बसले होते. आत सिस्टर फिलोंचा आवाज आला, "गूळ मीच खाल्ला. परत."

दिलेला शब्द मोडला म्हणून महिन्याभरात त्यांची बदली झाली. लांब डोंगरातलं मिशन, दिवसभर वाड्यावस्त्यांवर पायी फिरायचं काम. शुगरचा पाय... मी नर्स आहे, पुढचं मला कुणी सांगायला नको. टाचेला जखम झाली, ती चिघळत गेली, काही वर्षांनी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तीनेक वर्षांपूर्वी त्या व्हीलचेअरवरून परत त्याच होस्टेलात आल्या. मी दर रविवारी जायचे. उरलेला उजवा पाय धुवायचा, कोरडा करायचा, बोटांच्या फटी तपासायच्या. चढलेल्या बोटाखाली जखम होऊ नये म्हणून कापूस ठेवायचा. तो पाय मला माझ्या पायापेक्षा जास्त पाठ होता. "काय गं डिटेक्टिव्ह, केस क्लोज झाली न्हवं?" त्या दरवेळी विचारायच्या आणि हसायच्या. मी म्हणायचे, "व्हय सिस्टर." दोन वर्षं! जीभ झडली होती का माझी? दर रविवारी ठरवून जायचे, आणि पाय पुसून परत यायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या. झोपेतच.

सातव्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती. मी मागच्या बाकावर बसले. संपल्यावर बाहेर आले तर आताच्या सुपिरिअर, सिस्टर ग्रेसी, स्वयंपाकघरात एका पोरीला झापत होत्या. प्राची नाव, पाचवीतली, हातकणंगल्याची. कोठीतला गूळ चोरल्याचा आळ. आदल्या दिवशीच सिस्टर ग्रेसींनी कोठीला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कमरेला लावली होती, आणि आज तिच्या वडिलांना फोन करून तिला घरी पाठवणार होत्या. प्राची मान खाली घालून मुसमुसत होती. मला बघवेना.

तेवढ्यात तिच्या दोन मैत्रिणी पुढं झाल्या. "सिस्टर, थांबा की! आम्ही काल कुलूप लावायच्या आधी आत पीठ टाकलंय. चोर बघू या, मग फोन करा." पीठ टाकायचं कुणी शिकवलं, मी विचारलं, तर म्हणाल्या, सिस्टर फिलोंनी गोष्ट सांगितलेली... दोन हुशार पोरींची.

सिस्टर ग्रेसींनी माझ्यासमोर कुलूप काढलं, दिवा लावला.

पोरी आधी खिदळल्या. "ऑ! कुणीतरी लंगडी घालत आलंय!"

पिठात एकाच पायाचे ठसे होते. उजव्या. दारापासून गुळाच्या डब्यापर्यंत, एकापुढं एक. जातानाचे होते, परत येतानाचे नव्हते. मोठ्या माणसाचा पाय, दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं.

मी गुडघ्यावर बसून बघितलं. त्या बोटाखाली मी दोन वर्षं कापूस ठेवत होते, मला कोण फसवणार? सिस्टर ग्रेसींनी क्रूसाची खूण केली. त्यांनीही तो पाय ओळखला होता. मग सिस्टर ग्रेसी बारीक आवाजात म्हणाल्या, "प्राची, जा बाळ. तुझ्या घरी फोन नाही करत."

कसेबसे मी मोबाईलवर दोन फोटो काढले आणि बाहेर पडले. फाटकापाशी मागून कुणीतरी ओढणी ओढली. प्राची. तोंड रडून सुजलेलं.

"मावशी, गूळ मीच खाल्लेला. पण काल न्हाय, त्याच्या आधी. आता सिस्टर फिलोंच्यावर आलं की वं सगळं."

मेल्यावरही त्या बाईनं तेच केलं होतं, आणि मी परत गप्प राहून घरी निघाले होते. मी प्राचीचा हात धरला. "चल आत. आधी माझं सांगते, मग तुझं तू बघ."

त्याच स्वयंपाकघरात उभं राहून मी सातवीतलं सगळं सांगितलं. माझं झाल्यावर प्राचीनं तिचं सांगितलं. सिस्टर ग्रेसी डोळे पुसून म्हणाल्या, "दोघींना शिक्षा. कोठी साफ करा." प्राची अजून तिथंच शिकतेय.

आम्ही दोघींनी फडकं मारलं. डब्यापाशी शेवटचा ठसा राहिला होता. प्राची म्हणाली, "मावशी, ह्यो तुम्ही पुसा." मी पुसला.

नंतर सगळ्या शंका काढून बघितल्या. होस्टेलातल्या प्रत्येकीचे पाय बघितले, प्राचीचे तर आधी. तसं बोट कुणाचंच नाही. किल्ली एकच. आणि कुणी मुद्दाम लंगडी घालत आत गेलंच असेल, तर बाहेर कसं आलं?

शेवटी आप्पांना फोटो दाखवले, आणि गुळाचंही सगळं सांगितलं. प्रूफ मागणारा माणूस... चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, आता म्हणतील, पीठ हाय, कुणीबी पाय उठवील. पण ते भुताबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फोन परत दिला आणि विचारलं, "दोन वर्षं पाय धूत हुतीस की गं तिचा. जित्ती असताना का न्हाय सांगितलंस?"