विटेवरची बोटं
दर शनिवारी प्रतापनगरातून मुक्कामी सहल नेणारा हा निर्लज्ज गाईड प्रत्येक वाक्यामागे ‘समजलं का?’ लावतो. गरम पाण्याच्या कुंडांतल्या आंघोळी उरकल्यावर त्यानं आम्हाला प्राचीन राजवाड्याचे अवशेष दाखवले. वीटभट्टीवर राबून मला बी.ए. करणारी माझी आई एका विटेकडे पाहत म्हणाली, “थापणारीचे बोटं उमटले, भाऊ.”

“मावशी, मी राजाचं सांगून राहिलो. तुमाले काय समजते?”

तेवढ्यात दुसरी बस आली. त्यानं त्या लोकांना तीच वीट दाखवली. “थापणारीचे बोटं! आपला शोध हाय. समजलं का?”

“शोध माझ्या आईचा हाय!” मी ओरडलो.

“बरं, मावशीचा सत्कार करू.”

“सत्कार नको,” आई म्हणाली. “मघाचं ‘तुमाले काय समजते’ सगळ्यांसमोर वापस घे.”

“चला, बस सुटून राहिली,” तो म्हणाला.

आम्ही दोघं जागचे हललो नाही.