भांडारताईंनी धरलेला डूख
प्रयोगशाळेच्या भांडारात कुणीही काचेची नळी मागायला गेलं, की भांडारताई आधी वही पुढे सरकवायच्या. सही केल्याशिवाय त्यांनी संचालकांनासुद्धा कधी बाटलीचं बूच दिलं नव्हतं. लग्न केलं नाही. घरी त्या आणि नर्स असलेली थोरली बहीण. भांडार अधिकाऱ्याची जागा रिकामी होईल म्हणून त्या सहा वर्षं वाट बघत होत्या. ती झाली, भरली गेली आणि तिच्यावर विभागप्रमुखांचा मेहुणा येऊन बसला, तेव्हा ताईंना कळलं की अर्ज मागवणारं पत्र सगळ्यांना आलं होतं. त्यांना सोडून.

संस्थेत सूचना संगणकावर यायच्या. विषयवार टपालयाद्या होत्या. ज्या यादीत आपलं नाव, तिची पत्रं आपल्याला. नाव घालायचं, काढायचं, ते ज्याचं त्यानं. काळ्या पडद्यावर पाच ओळी उमटायच्या. एक दाबलं की आपल्या याद्या दिसायच्या, दोननं यादीत शिरायचं, तीननं बाहेर पडायचं, चारनं हव्या त्या याद्यांची पत्रं रजेपुरती थांबवायची, आणि पाचनं आजवर काय काय बदललं ते तारीखवार दिसायचं.

ताईंनी पाच दाबलं. ‘नेमणुका’ या यादीतून त्यांचं नाव काढलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी, सकाळी अकरा चाळीसला, त्यांच्याच संगणकावरून.

त्या दिवसाची वही त्यांनी उघडली. अकरा ते साडेबारा त्या फाटकावर काचसामानाची खोकी मोजून घेत होत्या. संगणक चालूच राहिला होता. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, विभागप्रमुख साहेब तुमच्या खुर्चीत बसले होते की, प्रिंटर बघायला आलोय म्हणाले.

तक्रार करायची सोय नव्हती. संगणक उघडा टाकून उठणं हाच गुन्हा होता, मेमो ताईंनाच मिळाला असता. त्यांनी दोन दाबून आपलं नाव पुन्हा यादीत घातलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. मेहुण्यालाही त्या रोज ‘साहेब’ म्हणू लागल्या. पण डूख धरला तो धरलाच.

विभागप्रमुख साहेबांची नस त्यांना ठाऊक होती. कोण काय बोलतं ते कळावं म्हणून साहेबांनी स्वतःला एक्केचाळीस याद्यांत घालून घेतलं होतं, म्हणजे ताईंकडून घालून घेतलं होतं. त्यांना स्वतःला तीन आणि चार यांतला फरकही माहीत नव्हता. (माझा असा तर्क आहे की अकरा चाळीसला त्यांनी त्या पाच ओळी चारदा तरी वाचल्या असतील.) ते सुट्टीवर निघाले की खोलीच्या दारातूनच आपला पासवर्ड ओरडून सांगत आणि ताई ‘नेमणुका’ सोडून बाकी याद्यांची पत्रं थांबवून ठेवत; नेमणुकांची तेवढी साहेब बाहेरगावीही वाचत.

त्या वर्षी साहेब तीन आठवडे मुलीकडे निघाले. जाता जाता म्हणाले, “ते टपालाचं तेवढं बघा.”

“तुमच्या नावानं मी बसणं नियमात नाही, साहेब,” ताई म्हणाल्या. “चार दाबायचं आणि तारखा घालायच्या. मिनिटाचं काम आहे.”

मला येत नाही, हे चारचौघांत म्हणायचं कसं? बघतो म्हणाले आणि गेले.

नवव्या दिवशी साहेबांची टपालपेटी गच्च भरली. आता येणारं प्रत्येक पत्र आल्या पावली परत. बाराव्या दिवशी ‘नेमणुका’ यादीवर पत्र आलं: उपसंचालकाची जागा, अर्जाला सहा दिवस. साहेब ज्या जागेसाठी दहा वर्षं संचालकांच्या पुढंपुढं करत होते, तीच.

ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं. साहेबांच्या मुलीचा फोन नंबर त्यांच्या डायरीत होता. घरी बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, फोन कर, उगाच मनाला लावून घेशील.

“माझ्या वेळी कुणी केला होता?” ताई म्हणाल्या.

सहा दिवस त्या नेमानं कामावर गेल्या, वहीत सह्या घेतल्या, डायरीला हात लावला नाही.

साहेब परतले तेव्हा जागा शेजारच्या विभागाच्या बाईंना मिळाली होती. ते थेट भांडारात आले. चेहरा उतरलेला होता.

“तुम्हाला पत्र आलं होतं?”

“आलं होतं.”

“मग मला कळवता आलं नाही?”

ताईंनी खणातून छापलेला कागद काढून समोर ठेवला. अकरा चाळीसच्या ओळीखाली लाल रेघ होती. साहेबांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. ताई शांतपणे म्हणाल्या, “ठेवा. माझ्याकडे अजून आहेत.”

त्यानंतर ते भांडारात पुन्हा आले नाहीत. काही हवं असलं की चिठ्ठी पाठवत, खाली सही करून. त्याच पदावरून निवृत्त झाले. मेहुण्यानं वर्षभरात दुसऱ्या इमारतीत बदली मागून घेतली, आणि नव्या उपसंचालक बाईंनी ती जागा पुन्हा जाहीर केली. या वेळी ताईंचा अर्ज पहिला होता.

बहिणीनं एकदा विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? ताईंनी जरा विचार केला. म्हणाल्या, ते सहा दिवस जेवण गेलं नाही. सातव्या दिवशी मात्र दोनदा वाढून घेतलं.