डोळा लागला ती दुपार

गाडी दारात सुरू करून ठेवली होती आणि मी आपली अंगण झाडत होते, आठवतं ना सुमन? तू धाकटी जाऊ असून माझ्या हातातला खराटा हिसकून घेतलास. "बाई, आता तं सोडा. आराम करायले चालल्या ना तुमी पोराकडे?" सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. आपलं भातकुली गाव मागे पडेपर्यंत मला खरंच वाटत होतं, की आता बसून खायचे दिवस आले.

हे तुला लिहिते, पण आपल्या गावातून लेकाकडे राहायला गेलेल्या बाकीच्या बायांनाही वाचून दाखव.

इथं शहरात, राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. विनोद सकाळच्या गाडीनं अकोल्याला नोकरीवर जातो, तो अंधार पडल्यावर येतो. सून प्राजक्ता शाळेत शिकवते. दहा ते पाच दोन वर्षांची मनू माझ्याजवळ. काम जड नाही, पण त्याला बांध नाही. वावरात कापूस वेचणीला होतो तेव्हा दहाजणी एकदमच भाकर सोडायला बसायचो. एकटीनं बसावं लागत नव्हतं, म्हणून कोणी आळशी ठरत नव्हती. इथं बसायचं तर एकटीनं बसावं लागतं. आणि बसलं की माझी आई कानात बोलते, "दिवसा अंग टाकते ते एक तं बिमार, नाही तं बाळंतीण."

दिवाळीच्या आधीची दुपार होती. मनूला भरवलं, ती डबे वाजवत खेळत होती. मी भिंतीला टेकून लसूण सोलायला घेतला. दार उघडंच. आपल्याकडे दिवसा कोण दार लावतं? लागलेलं दिसलं की शेजारीण विचारायला येते, काहून वो, कोणाचं काई झालं का? प्राजक्ता तीनदा बोलली होती, "आई, कडी लावत जा." मी हो म्हणायची आणि विसरायची.

डोळा लागला. जागी झाले तेव्हा लसणाची पाकळी हातातच होती आणि घर चूप होतं.

सुमन, वावरात साप पाहिलेत मी, पण अशी कधी भ्याले नाही. पलंगाखाली पाहिलं, बाथरूममधली बादली पाहिली. गॅलरीतून खाली वाकून पाहायची मात्र हिंमत होईना. खाली नुसत्या स्कूट्यांचे हॉर्न. जिन्यानं उतरताना गुडघे दुखले की नाही, तेही आठवत नाही.

पहिल्या मजल्यावर ट्यूशन क्लास आहे. त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि त्यात मनू. कोणाच्या तरी मोठ्या बुटात दोन्ही पाय घालून बसलेली. दारातली एक पोरगी म्हणाली, "आजी, ही तुमची का? केव्हाची आमच्या चपलांच्या जोड्या फोडून राहिली." मला तिला उचलताच येईना. मी तिथंच चपलांवर बसले.

घरी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून कडी लावते, पण भीती दाराची राहिलीच नव्हती, माझ्या डोळ्यांची होती. झोप येऊ नये म्हणून दुपारी उभीच राहायची. काळा चहा प्यायची, मिरचीचा तुकडा चावायची. सांगावं, तर गावी परत जा म्हणतील. वावर मक्त्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं, म्हशी विकलेल्या, तिथं जाऊन करू काय? आणि न सांगता पुन्हा डोळा लागला, तर? दोन्हीकडून धाक.

मग एका संध्याकाळी भाकर टाकताना उभ्यानंच पेंगले आणि हात तव्याला लागला. प्राजक्तानं माझा हात नळाखाली धरला. "आई, तुमी झोपत नाही का?" तिनं हात सोडलाच नाही, म्हणून सगळं सांगून टाकलं.

ती ओट्याशी खाली बसली. मग जाऊन मनूला उचलून आणलं आणि घट्ट धरून बसली. मी आपली 'जा' ऐकायची वाट पाहत उभी.

"मले तेव्हाच काहून नाही सांगितलं?" म्हणाली. रागच होता तो, आणि बरोबर होता. मग खाली पाहत बोलली, "मी बी मागच्या हप्त्यात वर्गात पेपर तपासता तपासता झोपली. पोरं हसले तवा जागी झाली. तुमच्या लेकाले अजून माहीत नाही."

आता एक ते तीन मनू शेजारच्या गल्लीतल्या पाळणाघरात जाते आणि मला झोपायचा हुकूम आहे. झोप काही येत नाही. पाठ टेकवली की उठून मनूचा रिकामा पलंग चाचपून येते. काल प्राजक्ताला सुट्टी होती. मनूला मांडीवर घेऊन ती माझ्या उशाशी वह्या तपासत बसली. "झोपा, मी हाओ जागी," म्हणाली. तिच्या पेनाची खरखर ऐकत ऐकत मी दिवे लागेपर्यंत झोपले.

गावची आठवण रोज येते, पण परत जायचं मनात येत नाही. आपण डोळे मिटले तर कोणीतरी उशाशी जागं आहे, एवढं जिथं कळतं, त्याला मी आता घर म्हणते. भीती गेली असं नाही, ती इथंच राहते आमच्यासोबत. उद्या रविवार आहे. उद्या दुपारी प्राजक्तानं झोपायचं, मी जागायचं, असं ठरलं आहे.