शेवटची दोन अक्षरं

इथे परदेशात, मॉसन लेक्सच्या आमच्या फ्लॅटवर जुना प्रिंटर विकायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. पन्नाशीचा असेल. तो इंग्रजीतच बोलला, म्हणून मीही. साडेचार वाजत आले होते आणि पाचच्या आत असाइनमेंट छापून युनिव्हर्सिटीत द्यायची होती, नाहीतर मी त्या विषयात नापास.

प्रिंटरवर अक्षरांची बटणं नव्हती, फक्त बाण होते. वायफायचा पासवर्ड एकेक अक्षर शोधून भरायचा. दर वेळी तो बोट पँटला पुसून मगच बटण दाबायचा. एक अक्षर चुकलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. "नो वरीज," तो म्हणाला. मी पुन्हा घड्याळ पाहिलं.

पासवर्ड मीच ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत: घरीजायचंय. माझ्या चिनी रूममेट्सना ती नुसती अक्षरं वाटायची. "जी, एच, ए..." मी कोरड्या आवाजात सांगत गेले. शेवटची दोन अक्षरं त्याने मला न विचारताच भरली.

प्रिंटरचा दिवा लुकलुकायचा थांबला. पानं बाहेर येऊ लागली.

"पळ आता," तो मराठीत म्हणाला. "इथल्या पहिल्या वर्षी माझा पासवर्ड याहून लांब होता."

मी पळाले. पोचले तेव्हा पाचला चार मिनिटं होती. पासवर्ड मी अजून बदललेला नाही.